वरून प्यालेला करंडक

सोमवारी दादाला कामावरून काढलं. शनिवारी त्याच्या संघाने करंडक जिंकला होता.

या दोन दिवसांमध्ये काय घडलं ते दादा असेपर्यंत लिहिता आलं नसतं. त्याला तो विषय काढलेला खपत नसे. आता तो नाही, आणि घरात इतकी शांतता आहे की लिहिताना टाकाचा आवाज येतो. म्हणून लिहिते आहे, जमेल तसं.

आम्ही सोलापूरच्या शुक्रवार पेठेत राहत होतो. अप्पा, म्हणजे आमचे वडील, कोर्टातून निवृत्त झालेले कारकून. दादा रेल्वेच्या कचेरीत हंगामी कारकून होता. हंगामी म्हणजे आज आहे, उद्याचं साहेब जाणे. तो कायम व्हावा एवढी एकच इच्छा आमच्या घरात होती. आई त्यासाठी देवाला साकडं घालायची आणि अप्पा साहेबाला. अप्पांचं साकडं जास्त मनापासूनचं असे.

करंडक रग्बीचा होता. सोलापुरात हा खेळ खेळला जात होता हे आज सांगितलं तर कोणी विश्वास ठेवत नाही, आणि न ठेवल्याने कुणाचं काही अडत नाही. रेल्वेतले गोरे अधिकारी, गिरण्यांतल्या विणाई खात्यांवरचे साहेब, पोलिसातला एखादा, असे पंधराजण जमवायचे आणि बंगल्यांमागच्या मैदानावर एकमेकांच्या अंगावर पडायचं. विलायतेत हे चिखलात करतात म्हणे. आमच्याकडे चिखल नाही, तेव्हा ते सराट्यांत करत. आसपासच्या मोठ्या स्टेशनांवरही असे संघ होते. वर्षातून एकदा ते आपसात झुंजत आणि जो शेवटी उभा राही त्याला चांदीचा करंडक मिळे. खेळ हौशी, असं अप्पा मोठ्या आदराने सांगत. म्हणजे पैशासाठी नाही. ज्यांना पगार भरपूर असतो त्यांना पैशासाठी न खेळण्याचा फार अभिमान असतो.

चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता. तारेच्या कुंपणाबाहेर उभं राहून बघणाऱ्यांनी पहिल्याच दिवशी त्याला नारळ म्हटलं आणि गावात तेच नाव रूढ झालं.

“नारळ काखंत मारून पळतंय बघ सायब! कुठल्या देवळातनं उचलला काय की!”

“आरं, धरला, धरला! पाडला! आता फोडत्याल.”

असं त्या कुंपणाबाहेर चालायचं. अप्पांना ते असह्य होई. ते लोकांना नियम समजावून सांगत. हा चेंडू हातात घेऊन पुढे पळता येतो, पण दुसऱ्याला द्यायचा तर मागच्यालाच द्यावा लागतो, पुढच्याला नाही. अप्पांना हा नियम चटकन समजला याचं मला नवल वाटत नाही. आपण पुढे पळायचं आणि ओझं मागच्याच्या हातात द्यायचं, हे त्यांनी कोर्टात जन्मभर पाहिलं होतं.

त्या वर्षी संघातला एक साहेब तापाने अंथरुणाला खिळला आणि पंधरावा माणूस मिळेना. दादा ज्या साहेबाच्या हाताखाली होता तोच संघाचा कप्तान. त्याने कधीतरी कचेरीच्या आवारात मधल्या सुट्टीत कारकुनांचा हुतुतू पाहिला होता. चौघांनी कंबर आणि पाय धरलेले असताना दादा त्यांना ओढत रेघेपर्यंत आला होता. साहेबाने त्याला बोलावलं आणि संध्याकाळी मैदानावर यायला सांगितलं. खेळशील का, असं विचारलं नाही. खुर्ची पलीकडे सरकव म्हणावं तसं सांगितलं.

त्या दिवशी अप्पांनी पेढे आणले.

तापाने पडलेल्या साहेबाचा पट्ट्यापट्ट्यांचा सदरा दादाला मिळाला. तो त्याच्या अंगात पोत्यासारखा व्हायचा. आईने तो दोन्ही बाजूंनी आत घेतला, मात्र आधी दोनदा उकळत्या पाण्यातून काढला आणि वाळत घातला तो घरातल्या कपड्यांपासून लांब, परसातल्या पेरूच्या फांदीवर. शेजारणीने विचारलं, “हे काय बाई, बुजगावणं?” आई म्हणाली, “पोराची नोकरी आहे ती.”

खरं सांगायचं तर दादाला तो खेळ आवडू लागला होता. मला याचं तेव्हा वाईट वाटे. मी मॅट्रिकच्या वर्गात होते, वर्तमानपत्र वाचत होते, गावात गांधीटोप्या दिसायला लागल्या होत्या. मी त्याला एकदा चिडून म्हटलं, “तुला लाज नाही वाटत? त्यांच्याबरोबर धुळीत लोळतोस.”

तो पायातले सराटे काढत बसला होता. “लोळताना कोणी हंगामी नसतं गं,” तो म्हणाला. “उठल्यावर असतं.”

अंतिम सामना सोलापुरातच झाला. आम्ही बायका जाणं शक्यच नव्हतं; अप्पांनी येऊन सांगितलं ते एवढंच की शेवटच्या घटकेला दादाने नारळ घेतला आणि कडेकडेने असा पळाला की त्याला कोणाचा हात लागला नाही. अप्पांनी त्या दिवशी प्रथमच चेंडूला नारळ म्हटलं. आनंदात माणसाची इंग्रजी गळून पडते.

“आता करंडकावर नाव कोरणार,” अप्पा म्हणाले. “पंधराच्या पंधरा नावं कोरतात, रीतच आहे. चांदीवर नाव लागलेला माणूस हंगामी कसा राहील? झालाच कायम!”

दादा तेवढ्यात घरी येऊन तोंड धुऊन परत निघाला होता. साहेबांच्या क्लबात त्याला बोलावलं होतं. त्या क्लबात आमच्यापैकी कोणी पायरी चढला असेल तर तो हातात तबक घेऊन. दादा रिकाम्या हाताने जाणार होता. दारात त्याला दोघांनी दोन गोष्टी सांगितल्या.

आई म्हणाली, “तिथे कशाला तोंड लावू नकोस.”

अप्पा म्हणाले, “साहेब जे देतील ते घे. नाही म्हणायचं नाही.”

दादा आज्ञाधारक होता. त्याने दोघांचंही ऐकलं. पुढचं सगळं त्यामुळेच झालं.

क्लबातला प्रकार मला दादानेच सांगितला, पण एका बैठकीत नव्हे; कधी दोन वाक्यं, कधी एक, अशी कित्येक वर्षं. मी ती जोडून लिहिते आहे.

त्याला व्हरांड्यातून आत घेतलं आणि भिंतीशी उभं केलं. करंडक मध्ये टेबलावर होता. दोन कानांचा, पोटाशी फुगीर, आमच्या घंगाळाचा एखादा शिकलेला भाऊ असावा तसा. त्यात बिअर ओतली. मग एकेकाने दोन्ही कान धरून तो उचलायचा, घोट घ्यायचा, बाकीच्यांनी ओरडायचं आणि त्याने पुढच्याला द्यायचा. अशी चौदा तोंडं झाली. चौदा मिशाळ, घामट, धूळभरली तोंडं एकाच काठाला लागली. पंधरावा दादा. कप्तानाने करंडक त्याच्याकडे दिला. देताना हसला, म्हणजे मोठेपणा केला. खोलीतल्या सगळ्यांना आपण केवढा मोठेपणा करतो आहोत याची जाणीव झाली आणि ते गप्प राहून बघू लागले.

दादाला आंबलेल्या ज्वारीच्या पाण्यासारखा वास आला. नाही म्हणायचं नाही, असं अप्पा म्हणाले होते. तोंड लावायचं नाही, असं आई म्हणाली होती. आणि तिसरी गोष्ट कोणी सांगितली नव्हती, कारण ती सांगावी लागत नाही: चारचौघांच्या भांड्याला आपण ओठ लावायचा नसतो. पुढच्याला आपलं उष्टं द्यायचं नसतं. करंडक आता परत कप्तानाकडेच जाणार होता. ज्याने मान दिला त्याला उष्टं भांडं कसं द्यायचं?

दादाने मान मागे टाकली, करंडक वर उचलला आणि वरून धार धरली. त्या रुंद तोंडाच्या भांड्यातून एक थेंबही न सांडता तो प्याला. घाटावर तांब्याने पाणी पितात तसा. मग काठ सदऱ्याच्या बाहीने पुसला, म्हणजे आणखी सौजन्य केलं, आणि दोन्ही हातांनी करंडक पुढे केला.

कोणी ओरडलं नाही.

कोपऱ्यात एक गिरणीवाला साहेब हसला आणि बाकीचे हसत नाहीत हे पाहून थांबला. कप्तान म्हणाला, आमची तोंडं लागलेली तुला चालत नाहीत काय?

दादाला सांगायचं होतं की साहेब, तोंड लागलं की भांडं उष्टं होतं, मी ते उष्टं केलं नाही, तुमच्यासाठी राखलं. सगळं वाक्य त्याच्याकडे तयार होतं. एक शब्द नव्हता. उष्टं याला इंग्रजीत काय म्हणतात? त्याने शोधला, मिळेना, आणि जवळचा म्हणून दुसरा घेतला.

“व्हेन माउथ टच, सर,” तो म्हणाला, “कप बिकम्स डर्टी.”

चौदा तोंडांनी ते ऐकलं.

मी पुढे मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवलं. मोठमोठे कोश चाळले. उष्टं या शब्दाला त्या भाषेत शब्द नाही. निम्मं जग ताब्यात घेतलेल्या लोकांना दुसऱ्याच्या पुढ्यात आपलं उरलेलं ठेवू नये हे सांगणारा एक शब्द लागला नाही, याचं मला पहिल्यांदा आश्चर्य वाटलं, नंतर वाटेनासं झालं. आणि ज्यांच्या क्लबात आमच्या माणसाला भिंतीशी उभं करत, ते आपला कोणी विटाळ मानला म्हणून लालबुंद झाले, हेही मला कधी विसरता आलं नाही. अस्पृश्यता त्यांना फार झोंबली. संध्याकाळभर पुरली.

रविवारी दादा घरात काही बोलला नाही. अप्पांनी तो दिवस पेठेत फिरून साजरा केला. सोमवारी दादा नेहमीसारखा कचेरीत गेला. दुपारच्या आधी कचेरीतला शिपाई आमच्या दारात आला. होटगीचा माणूस, वयस्कर, दादावर माया करणारा. अप्पा ओट्यावरच होते. मी उंबऱ्याच्या आत.

“रावसाहेब,” तो म्हणाला. अप्पा रावसाहेब नव्हते, पण तसं म्हटलं की ते ताठ बसत. “रावसाहेब, सायबानं बाबूला नारळ दिला.”

अप्पा उभेच राहिले. “दिला? साहेबांनी? स्वतः?”

“व्हय. सोताच की.”

“हातात?”

“हातातच म्हना की. समद्या कचेरीम्होरं.”

“सगळ्यांसमोर! ऐकलंस का गं?” अप्पांनी आत वळून आईला हाक मारली. “ज्या नारळाने जिंकले तो नारळ साहेबांनी याला देऊन टाकला! आणखी काय म्हणाले?”

शिपाई माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, “म्हनले, उद्यापासनं यायचं काम न्हाय.”

“सुट्टीसुद्धा!” अप्पा म्हणाले.

“सुट्टी,” शिपाई म्हणाला. “व्हय. सुट्टीच ती.”

नोकरीवरून काढलेल्या माणसाच्या हातात नारळ दिला म्हणतात, हे महाराष्ट्रातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. कोर्टात हयात गेलेल्या माझ्या वडिलांना ते त्या क्षणी ठाऊक नव्हतं. त्यांच्या जगात साहेब काढत नसत, साहेब देत असत. शिपायाने पुढे एक शब्द काढला नाही. मी त्याला दोष देत नाही. अप्पांचा चेहरा पाहिल्यावर कोणीच बोलला नसता.

आई आतून साखर घेऊन आली आणि तिने ती शिपायाच्या ओंजळीत टाकली. वरून टाकली, आपली बोटं त्याच्या तळव्याला लागू दिली नाहीत. आमच्याकडे त्याला पाणीही असंच वरून वाढत. त्याने साखर तोंडात टाकली, “येतो, माय,” म्हणाला आणि खाली मान घालून गेला.

मग घरात तयारी झाली. देवासमोर पाट मांडला, त्याभोवती रांगोळी काढली. चामड्याचा चेंडू देवाजवळ चालेल का, असा आईला प्रश्न पडला. अप्पांनी मृदंगालाही चामडंच असतं असा निकाल दिला. पेठेतली चार माणसं येऊन बसली. त्यांतल्या एकाने, ज्याने आठवड्यापूर्वीच दादाला साहेबांचा कुत्रा म्हटलं होतं, चेंडू अंगाला लावला तर संधिवात जातो काय अशी चौकशी केली.

दादा भर उन्हात आला. हात मोकळे. त्याने माणसं पाहिली, पाट पाहिला, रांगोळी पाहिली.

“नारळ कुठाय?” अप्पांनी विचारलं.

दादा म्हणाला, “नारळ मिळाला, अप्पा. चेंडू नाही.”

बसलेल्यांना आधी समजलं. ते एकेक करून उठले, आणि उठताना प्रत्येकाला कुठेतरी जायचं होतं. अप्पा पाटाकडे बघत राहिले. आईने हाताने रांगोळी पुसली.

क्लबातली गोष्ट तबकं नेणाऱ्या नोकरांनी गावात आणली आणि आठवड्याभरात तिचा निराळाच अवतार झाला. गांधीटोपीवाली मंडळी हार घेऊन आमच्या ओट्यावर आली. दादाने साहेबांना त्यांच्याच घरात उष्टं ठरवलं, त्यांच्या तोंडावर डर्टी म्हणाला, वीर आहे, सभेत व्यासपीठावर बसायला पाहिजे!

“मी कोणाचा अपमान केला नाही,” दादा म्हणाला. “मी रीत पाळली.”

“असं म्हणू नका हो,” त्यांचा म्होरक्या म्हणाला. “तुम्ही केलात. तुम्हाला कळलं नसेल.”

“मला कळतं मी काय केलं ते.”

“मग निदान सभेत तरी बोलू नका. नुसते बसा.”

दादा बसला नाही. हार परत गेला. त्या मंडळींत दोघांची सुताची मोठी दुकानं होती. वीराला नोकरी द्यावी असं त्यांतल्या एकालाही सुचलं नाही. साहेबांनी त्याला उद्धट ठरवलं, यांनी शूर ठरवलं. तो सभ्य होता हे कोणाच्याच कामाचं नव्हतं.

पुढे एका तेलुगू विणकराने त्याला आपल्या मागांवरचं सूत बाजारात नेण्या-आणण्याच्या कामावर घेतलं. दादा तेलुगू शिकला, तिथेच राहिला. कायम झाला की नाही ते कोणी विचारलं नाही, कारण तिथे तो शब्दच नव्हता. ज्या मुलीशी त्याचं ठरत होतं तिच्या वडिलांनी नोकरी गेल्याचं ऐकून पत्रिका परत पाठवली होती. त्याने नंतर लग्न केलं नाही. माझंही झालं नाही, ती गोष्ट वेगळी. आई-अप्पा गेल्यावर आम्ही दोघं राहिलो.

करंडक मी एकदाच पाहिला. साहेब निघून गेल्यावर क्लब आपल्या अधिकाऱ्यांकडे आला. तिथे एकदा शाळांचा बक्षीस समारंभ होता आणि मला बोलावणं होतं. करंडक काचेच्या कपाटात होता, काळवंडलेला, आत कोणीतरी कागदी फुलं खोचलेली. मी चष्मा लावून नावं वाचली. पंधराच्या पंधरा होती. अप्पा म्हणाले ती रीत त्यांनी मोडली नव्हती. फक्त पंधरावं नाव तापाने पडून राहिलेल्या साहेबाचं होतं. सदरा त्याचा होता ना. अंथरुणात पडल्या पडल्या तो सामना जिंकला. समारंभानंतर चहा झाला. आमच्या शाळेचा शिपाई बक्षिसांची पुस्तकं डोक्यावरून घेऊन आला होता. त्याला आपल्या नव्या अधिकाऱ्यांनी कपबशी व्हरांड्यात नेऊन दिली. कपबशी वेगळी होती, कान तुटलेली.

घरी आल्यावर मी दादाला हे सांगितलं. कपबशीचं आधी सांगितलं, कारण नावाचं सांगायला जड जात होतं. तो सुताची लडी सोडवत होता.

“अंथरुणात होता बिचारा,” तो म्हणाला. “बरा झाला का पुढे?”

मला इतका राग आला की मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. सगळा तिरस्कार मलाच करावा लागला. त्याने त्याच्या वाट्याचा कधी केलाच नाही.

गेल्या हिवाळ्यात तो आजारी पडला. जन्मभर तो आपल्या स्वतःच्या फुलपात्रातूनसुद्धा वरूनच पाणी प्यायचा. ते घरात दुसरं कोणी वापरत नसे तरी. मग हात थरथरायला लागला, धार गळ्यावर सांडायला लागली. मी फुलपात्र त्याच्या ओठांशी नेलं. त्याने मान फिरवली.

“उष्टं होईल,” तो म्हणाला.

“होऊ दे. इथे मीच आहे.”

“म्हणूनच,” तो म्हणाला.

मी पळीने पाणी घालत राहिले. पळी ओठांच्या वर धरून, लागू न देता.

करंडक त्या कपाटात असेल. दादाचं फुलपात्र माझ्याकडे आहे. मी त्यातून पाणी पिते.